ताईबाईच्या टिकल्या

दीक्षाचा फोटो पेपरात आला त्या दिवशी ताईबाईनं वांग्याच्या भाजीत मीठ घातलं नाही, आणि साहेबरावानं ती भाजी मुकाट्यानं खाल्ली. अकरा वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता, की बायको भांडी आपटत असेल तर खुशाल बोलावं, पण भांडी आवाज न करता ठेवत असेल तर आपलं ताट उचलून बाहेर यावं. दहा वर्षांची मोनाली तेवढी "आई, भाजी आळणी हाय" म्हणाली. ताईबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फोटो दिल्लीचा होता. कुठल्याशा परिषदेत दीक्षा उभी होती, अंगावर सुती साडी, डोळ्यांवर नवा चष्मा. खाली छापलं होतं, 'मुलांच्या मनाचा मागोवा घेणारी ग्रामीण संशोधिका'. दीक्षाच्या मागं पडद्यावर एका कॅलेंडरचं चित्र होतं आणि त्याच्या तारखांवर टिकल्या चिकटवलेल्या दिसत होत्या. बाई कपाळाला लावते त्या टिकल्या. त्या ताईबाईच्या डोक्यातून निघालेल्या होत्या आणि बातमीत ताईबाईचं नाव शोधून सापडत नव्हतं. शेवटच्या ओळीत 'स्थानिक मदतनिसांचे सहकार्य लाभले' एवढं होतं. म्हणजे ताईबाई त्या वाक्यात होती, पण अनेकवचनात.

आता एवढ्यानं कुणाच्या पोटात दुखू नये असं शहाणी माणसं म्हणतील. शहाण्या माणसांना दीक्षासारखी बालमैत्रीण नसते, म्हणून ती तसं म्हणू शकतात.

दोघी केंदूरच्या. एकाच वस्तीतल्या, एकाच बाकावर बसलेल्या, बुद्ध विहारात पौर्णिमेला एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या. ताईबाई आठ महिन्यांनी मोठी, म्हणून दीक्षा तिला 'ताई' म्हणायची. दहावीला ताईबाईला एकाहत्तर टक्के पडले आणि दीक्षाला त्रेसष्ट. वस्तीनं विहारात दोघींचा सत्कार केला. ताईबाईला आधी बोलावलं, तिला पेन दिलं. दीक्षाला नंतर बोलावलं, तिला वही दिली. ते पेन ताईबाईनं अजून ठेवलंय, त्यातली शाई कधीच वाळून गेली तरी. पाहुण्यारावळ्यांत विषय निघाला की ती सांगायची, "एकाहत्तर हुते मला. पर आप्पांनी शिकू दिलं न्हाई."

हे खोटं होतं. मिळेल त्या कामावर जाणाऱ्या तिच्या आप्पांनी तिला एकदा नव्हे, तीनदा म्हटलं होतं, "अजून शीक, पोरी. मी हाय तवर शीक." पण बारावी झाली आणि दौंडच्या रेल्वेत नोकरीला लागलेल्या साहेबरावाचं स्थळ आलं. तो बघायला आला तेव्हा त्याच्या पायात पांढरे बूट होते, मनगटावर घड्याळ होतं. ताईबाई दाराआडून म्हणाली, "बघून तर घिऊ." बघून झालं आणि महिन्याभरात ती यवतला नांदायला आली. बुटांची गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दीक्षा मात्र शिकत सुटली. शिरूरला बी.ए., पुण्याला एम.ए., मग मानसशास्त्रात डॉक्टरेट. तिचे वडील मास्तर होते, तेव्हा घरात पुस्तकाला कुणी नावं ठेवत नव्हतं. पण तिच्या शिक्षणाचं खरं कारण घरातच भिंतीकडे तोंड करून झोपलेलं असायचं. तिचा थोरला भाऊ जयसिंग. दोन-दोन महिने अंथरुणातून उठायचा नाही, आंघोळ नाही, बोलणं नाही. आणि मग एक दिवस असा उठायचा की त्याला झोपच लागायची नाही. एकदा त्यानं एकट्यानं अख्खं विहार रंगवून काढलं. एकदा स्वतःची सायकल येणाऱ्याजाणाऱ्याला देऊन टाकली. लोक म्हणायचे, बाहेरचं झालंय. मास्तरांच्या घरात देव नव्हते, पण मास्तरांच्या बायकोनं त्यांना चोरून देवऋषी गाठला. पोराचा जीव जात असला की आई काय काय करते! गुण काही आला नाही. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या तेव्हा कुठं जयसिंग माणसात आला, तोवर त्याची उमेदीची वर्षं निघून गेली होती.

दीक्षा त्याच्या उशाशी बसून अभ्यास करायची. तिच्या मनात एकच प्रश्न ठाण मांडून बसला. दादा आठ वर्षांचा होता तेव्हाच कुणी नीट बघितलं असतं, तर काही दिसलं असतं का? लेकराचा रुसवा कुठं संपतो आणि आजार कुठं सुरू होतो? सगळी नोकरी, सगळं संशोधन तिनं ह्या एका प्रश्नापायी घातलं. लग्नबिग्न राहून गेलं ते गेलंच.

शहाण्णव साली दीक्षानं शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या दोनशे बारा मुलांची यादी केली. सगळी सात वर्षांची. ही मुलं मोठी होईस्तोवर त्यांच्या मनाचा चढउतार टिपायचा असा बेत होता. आणि मग ती यवतला ताईबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, मला तूच पाह्यजे," ती म्हणाली. "पुण्याच्या पोरींशी बायका बोलायच्या न्हाईत. तुझ्याशी बोलतील."

पुण्यात दीक्षा पुस्तकातल्यासारखं बोलायची, पण ताईबाईसमोर तिच्या तोंडून केंदूरच यायचं. ह्यात तिचं प्रेम होतं. ताईबाईला मात्र वाटायचं, की ही आपल्यासाठी मुद्दाम खाली उतरून बोलते. तरी तिनं काम धरलं. एकाहत्तर टक्के घरात बसून गंजण्यापेक्षा बरं. शिवाय मनात एक खोच होती, की जवळ राहून हिचं नेमकं काय मोठं आहे ते तरी बघू.

पहिलं वर्ष वाया गेलं. फॉर्मवर प्रश्न असायचा, 'गेल्या पंधरा दिवसांत आपल्या पाल्यास उदास वाटले काय?' बाया म्हणायच्या, "न्हाई बाई, खातंय पितंय की." ताईबाई दारात कागद घेऊन उभी राहिली की घरातली सासू विचारायची, हे काय शौचालयाचं आहे का घरकुलाचं? दोनशे घरांतून उत्तर एकच, आमचं सगळं बरं आहे. दीक्षा डोकं धरून बसली. ताईबाईला त्या दिवशी चांगली भूक लागली होती.

मग एकदा कोरेगाव भीमाला एका घरी ताईबाईनं फॉर्म पिशवीत ठेवून दिला आणि घरातल्या बाईबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलायला बसली. भिंतीवर कॅलेंडर होतं. दुधाचा खाडा झाला की ती बाई त्या तारखेवर फुली मारायची. ताईबाईनं सहज विचारलं, "पोराचा खाडा कवा पडतो? म्हंजी ज्या दिवशी त्येचं मन घरात नसतं?" बाई हसली आणि सांगायला लागली. ताईबाईनं पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि तिथल्या तिथं रंग ठरवले. पोर गप्प गप्प, कशात जीव लागत नाही, तर काळी. उगाच चिडतंय, अंगावर येतंय, तर लाल. फारच उधाण आलंय, झोपेना, बोलणं थांबेना, तर हिरवी. नेहमीसारखा दिवस कोरा. निरक्षर बाईलाही जमेल असं.

महिन्याभरात भिंती बोलायला लागल्या. अर्थात घोटाळेही झाले. केंदूरच्या एका आजीनं महिना भरून हिरव्याच टिकल्या लावल्या, का तर सुनेच्या घरात कोरं कॅलेंडर बरं दिसत नाही! ताईबाई तिला म्हणाली, "आजी, शोभंसाठी न्हाई लावायच्या. आन् लाजंनं कोरं बी सोडायचं न्हाई. हाय ते लावायचं." हे वाक्य पुढं तिनं दारोदार इतक्यांदा म्हटलं, की बाया तिला येताना बघूनच म्हणायच्या, हाय ते लावलंय गं ताई.

आणि कॅलेंडर वाचावं तर ताईबाईनं. त्याच कोरेगावच्या पोराच्या काळ्या टिकल्या सगळ्या एका ओळीत येत होत्या, गुरुवारी. पुण्यात दोन शिकलेल्या पोरींनी त्यावर डोकं फोडलं. शाळेत गुरुवारी काय असतं, गणिताचा तास असतो का, असं चाललं होतं. ताईबाईनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "गुरुवारी त्येच्या बापाच्या कंपनीला सुट्टी असती. त्या दिवशी घरात कोण येतं ते बघायचं. टिकली पोराच्या नावावर असली, तरी दुखणं कवा कवा दुसऱ्याचं असतं."

दीक्षा तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, तू शिकली असतीस ना..." एवढंच म्हणाली आणि थांबली. कौतुकच होतं ते. पण ताईबाईच्या जिव्हारी लागायला तेवढं पुरलं.

नव्व्याण्णव साली टिकल्या दिल्लीला गेल्या, तो फोटो आला, आणि भाजी आळणी झाली. तिथून मग ताईबाईला सगळंच खुपायला लागलं. दीक्षाचा चष्मा खुपायचा. दीक्षा महिन्यातून एकदा फॉर्म न्यायला यवतला यायची, ताईबाईच्या घरी चहा प्यायची, कप स्वतः विसळून ठेवायची. तेही खुपायचं. न विसळता ठेवला असता तर अधिक खुपलं असतं, हा भाग वेगळा. सगळ्यात जास्त खुपायची ती मोनाली. एरवी आईशी चार शब्द धड न बोलणारी ही पोर दीक्षामावशी आली की तिला चिकटून बसायची. मावशी, माणसाला स्वप्नं का पडतात? मावशी, मेंदूला दुखतं का? ताईबाई चुलीशी पाठ करून बसायची आणि मनात म्हणायची, माझे मार्क तेवढे नेता आले नाहीत, माझ्या टिकल्या नेल्या, आता पोरगी नेऊ नकोस म्हणजे झालं.

मोनाली त्या दोनशे बारा मुलांतलीच एक होती. पण नियम असा होता, की काम करणाऱ्या बाईनं स्वतःच्या लेकराची नोंद घ्यायची नाही, बघायचीही नाही. म्हणून मोनालीला दीक्षानं पतसंस्थेनं वाटलेलं एक वहीएवढं कॅलेंडर वेगळं दिलं. ते मोनाली स्वतःच भरायची, आपल्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून अडकवून ठेवायची. वर्षाच्या शेवटी त्याची नक्कल पाकिटात घालून शाळेमार्फत दीक्षाकडे जायची. ताईबाईनं नियम पाळला. पेटीला कधी हात लावला नाही.

दोन हजार एक साली दीक्षानं यवतला येणंच बंद केलं. निरोप आला, की फॉर्म शिरूरच्या ऑफिसात आणून देत जा. कारण काही नाही. ताईबाईला कारणाची गरज नव्हती. "मोठी झाली बया," ती साहेबरावाला म्हणाली. "आता आपल्या घरचा च्या कशाला गोड लागंल?" मग चार वर्षं ती महिन्यातून एकदा चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जायची, फॉर्म द्यायची, खुर्चीच्या काठावर बसून यायची. दीक्षा मोनालीसाठी पुस्तकं पाठवायची, तीही ताईबाईच्याच पिशवीतून. म्हणजे आपल्या पोरीला फितवायचा माल आपणच वाहायचा! ती पुस्तकं पिशवीत तळाशी टाकून वर मेथीची जुडी ठेवायची.

ह्या काळात दीक्षाचं नाव आणखी झालं. तिनं घरोघरी दुसरं कॅलेंडर सुरू केलं. ह्यात मुलानं स्वतःचं नव्हे, तर घरातल्या मोठ्या माणसाचं मन कसं आहे ते टिपायचं. त्यातून असं काही निघालं, की परदेशातून पत्रं आली. मूल स्वतः आजारी पडायच्या कितीतरी आधी ते घरातल्या मोठ्यांचं मन वाचत असतं, ते ओझं मुकाट्यानं उचलत असतं, आणि पुढं काहींचं मन त्याच ओझ्याखाली दबतं, असं काहीसं. ताईबाईनं हे दुसरं कॅलेंडर दोनशे घरांत स्वतः नेऊन लावलं. ही कल्पना दीक्षाला कुठून सुचली, हे मात्र तिनं कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे पुन्हा तिचं कौतुक ऐकायचं!

दोन हजार पाच साली मोनालीची दहावी झाली आणि दीक्षाचा निरोप आला. मोनालीला अकरावीला पुण्यात घालू, माझ्याकडे राहील. मोनालीनं निरोप वाचला आणि तिचा चेहरा असा उजळला, की ताईबाईला तो बघवेना. साहेबराव म्हणाला, "चांगलंच हाय की." ताईबाई भांडी आवाज न करता ठेवत राहिली.

न पाठवायला काहीतरी सबब तर हवी. ती मे महिन्यातल्या एका दुपारी आयती सापडली. मोनाली मैत्रिणीकडे गेली होती, ताईबाई धुतलेले कपडे ठेवायला म्हणून पेटीशी गेली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं ते झाकण उघडलं. कपडे ठेवायचे होते हे खरं. पण ते कॉटवर ठेवूनही चाललं असतं.

झाकणाला आतून कॅलेंडर होतं. त्याच्या खाली मागच्या सहा वर्षांची, सुतळीनं बांधलेली. लाल टिकली नाही, हिरवी नाही. नुसत्या काळ्या. महिन्यातून एक, कुठं दोन. ताईबाईनं ती सगळी खाली पसरून ठेवली, कारण कॅलेंडर वाचणं तिला दीक्षापेक्षा जास्त येत होतं. तिनं आपल्या कामाच्या डायऱ्या काढल्या आणि तारखा ताडून बघितल्या. पहिल्या दोन वर्षांतली बहुतेक प्रत्येक काळी टिकली दीक्षा घरी आली होती त्या तारखेवर. नंतरची प्रत्येक शिरूरच्या मीटिंगच्या तारखेवर. आठवड्याची ओळ नाही, शाळेचा संबंध नाही. जिथं दीक्षा, तिथं काळी टिकली.

खोटं कशाला बोला, आधी तिला आनंद झाला. पोरीचं काय होत असेल हा विचार दुसरा आला. मावशी मावशी करणारी पोर त्या बाईमुळं आतून झुरते! आणि ही दुनियेच्या लेकरांची मनं तपासायला निघालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती शिरूरला गेली. एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत दीक्षाचं ऑफिस होतं. दोन पोरी कॉम्प्युटरवर बसलेल्या. त्यांच्यासमोरच ताईबाईनं सुतळीची गाठ सोडली आणि सातही कॅलेंडरं टेबलावर टाकली.

"बघ. लई हुशार ना तू? माझ्या पोरीच्या काळ्या टिकल्या बघ कवा कवा हायेत. तू आलीस की काळी. तुझं नाव निघालं की काळी. न्हाई पाठवायची मला तुझ्याकडं."

दीक्षानं कॅलेंडरांना हात लावला नाही. "ताई, तू पेटी उघडलीस."

"माझ्या घरातली पेटी हाय. आन् तू मला नियम शिकवू नगं. सख्ख्या भावाला येळेवर बरं करता आलं न्हाई तुला, आन् दुसऱ्याच्या लेकरांवर डॉक्टर झालीस."

कॉम्प्युटरवरचे हात थांबले. आपण काय बोललो हे ताईबाईला बोलल्यावर कळलं, पण शब्द काही मागं घेता येत नाहीत. दीक्षानं दोन्ही पोरींना बाहेर पाठवलं. चष्मा काढून पुसला.

"ताई," ती म्हणाली, "कोरेगावचा गुरुवार तू कसा वळखलास गं?"

"त्येचं हितं काय?"

"सांग तर."

"त्या दिवशी घरात कोण येतं ते बघितलं. बाप घरी असायचा."

"मग ही बघ." दीक्षानं या वर्षाच्या कॅलेंडरावर बोट ठेवलं. "नऊ फेब्रुवारी. काळी हाय. त्या दिवशी मी कुठं हुते?"

"हितंच. मीटिंग हुती. मी आले हुते की."

"आन् मोनाली?"

"शाळंत."

"चार वर्षं झाली, मी तुझ्या घरी आले न्हाई. मोनालीनं मला बघितलं बी न्हाई. तरी टिकल्या थांबल्या न्हाईत." दीक्षाचा आवाज एकदम खाली आला. "मला ह्याच्या म्होरं बोलता येत न्हाई, ताई. ते त्या पोरीनं इश्वासानं दिलंय. पर कॅलेंडर तुला माझ्याहून चांगलं वाचता येतं. नऊ फेब्रुवारीला सांजच्याला शिरूरवरनं तुझ्या घरात कोण गेलं?"

 ताईबाईनं कॅलेंडरं गोळा केली, सुतळी बांधायला घेतली, गाठ काही बसेना. दीक्षानं बांधून दिली.

न्हावऱ्यापर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही आणि ते बरंच झालं. उभ्या माणसाला धरून राहण्यापुरतं तरी काम असतं. घरी आली तेव्हा मोनाली उघड्या पेटीसमोर बसली होती. पोर रागावली नव्हती, घाबरली होती.

"ह्या कुणाच्या हायेत?" ताईबाईनं विचारलं.

"तुला म्हाईत न्हाई?"

"तुझ्या तोंडानं सांग."

"तुझ्या हायेत, आई." मोनाली खाली बघत म्हणाली. "मावशीचा फोटो पेपरात आला, तू भाजीत मीठ घातलं न्हाईस, तवापास्नं लावते. मला काय होत न्हाई गं. तुलाच होतं. मावशी आली की तू आमच्यात नसतीस. दोन दोन दिस नसतीस. मी मावशीला इचारलं, माझ्याऐवजी आईचं लावू का? ती म्हणाली, हाय ते लाव. मग एकदा तिनं सगळी कॅलेंडरं बघितली, आन् यायचीच बंद झाली."

म्हणजे चहा गोड लागत होता. चार वर्षं ती बाई ह्या घरावरून पुढं निघून जात होती, ती ताईबाईच्या घरात काळी टिकली पडू नये म्हणून.

"आन् ते दुसरं कॅलेंडर?" ताईबाईनं विचारलं. "घरच्या माणसाचं? ते कुठनं सुचलं तिला?"

मोनालीनं आईच्या हातातल्या सुतळीच्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं. म्हणजे काय ते कळलंच.

ताईबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि आधी हसली. "म्हंजी माझ्या जळण्यावर बी हिलाच परदेशाची पत्रं!" आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते आवरेना. सहा वर्षं ही पोर आपलं तोंड वाचत होती. शिरूरहून येणाऱ्या गाडीची वेळ झाली की दाराकडे बघत असेल, आज आई कुठली येणार म्हणून. दोनशे घरांतल्या लेकरांचा खाडा आपण विचारत फिरलो, आणि आपल्या घरात खाडा आपलाच पडत होता. मोनाली तिच्याजवळ येऊन बसली. साहेबराव ड्यूटीवरून आला, दोघींना बघून उंबऱ्यातच थबकला, मग आत जाऊन त्यानं स्वतःच भात टाकला.

जूनमध्ये दीक्षा मोनालीला न्यायला यवतला आली. चार वर्षांनी. ताईबाईनं वांग्याची भाजी केली होती. साहेबरावानं पहिला घास घेतला आणि कुणी विचारलं नसताना म्हणाला, "मीठ हाय." मोनाली फिसकन हसली. ताईबाईनं जयसिंगदादाची चौकशी केली, त्या दिवशी बोललेल्याबद्दल ती तेवढंच करू शकली, आणि दीक्षानंही त्याच्या गोळ्यांचं, त्यानं विहारात चालवलेल्या वाचनालयाचं सगळं सविस्तर सांगितलं. मग तिनं कप विसळून ठेवला.

आणि तरीही ताईबाईचा जीव जळलाच. कुणाला वाटेल, की एवढं रडल्यावर मन धुऊन निघालं असेल. तसं काही नसतं. दीक्षानं मोनालीच्या खांद्यावर हात ठेवला, "चल, माझी पोर," म्हणाली, आणि ताईबाईच्या पोटात तोच जुना निखारा पडला. फक्त आज तिला तो ओळखू आला.

मोनालीनं पेटी बंद करताना झाकणाचं कॅलेंडर काढलं. टिकल्यांचं पाकीट हातात घेतलं. आईकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि पाकीट परत खाली ठेवलं.

"आज कोरं सोडते, आई."

"कोरं सोडायचं न्हाई," ताईबाई म्हणाली. "हाय ते लावायचं."

तिनं पाकीट उचललं. दीक्षा उंबऱ्याबाहेर बघायला लागली, पण ताईबाई म्हणाली, "हिकडं बघ गं. तुझ्यापास्नं काय लपवायचं." तिनं काळ्यांतली सगळ्यात लहान टिकली निवडली आणि दोघींच्या देखत त्या तारखेवर अंगठ्यानं दाबून चिकटवली.

"आज बी आलंय. पर बारकं हाय."

मोनालीनं कॅलेंडर वहीत ठेवलं. "मग उद्याचं कसं करू? तिकडं मला तुझं तोंड कुठं दिसणार?"

"तिथनं म्होरं तुझं लाव. माझं मी लावीन," ताईबाई म्हणाली, आणि पाकिटातल्या निम्म्या टिकल्या तिनं स्वतःसाठी काढून घेतल्या.